दाबून किती मावणार?

आमच्या अम्मीसारखी बॅग भरणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. अब्बा १९७९ ते १९९३ दुबईला होते. दोन वर्षांनी एकदा सुट्टीवर यायचे आणि परत निघायच्या आदल्या रात्री घरभर बॅग भरण्याचा कार्यक्रम चालायचा. सदरे, लेंगे, चादर, टॉवेल असं सगळं अम्मी घट्ट गुंडाळून बॅगेत कोंबायची आणि वर गुडघा टेकवून चेन ओढायची. आंबापोळी, कोकम, सुकी मासळी कोपऱ्याकोपऱ्यात बसवायची. लोणच्याच्या बरण्यांपाशी आली की मात्र तिचा हात हलका व्हायचा. मी लहान होतो. एकदा विचारलं, “अम्मी, यांनाही दाब ना, मग अजून मावेल.” ती म्हणाली, “कपड्यात हवा असते, ती निघते. बरणीत कुठली हवा? दाबशील तर फुटेल.”

हे वाक्य मला पुढे चाळीस वर्षांनी एका संगणकासमोर बसल्यावर आठवलं. आधी आठवलं असतं तर एक आठवडा जीव टांगणीला लागला नसता.

अब्बा पत्रं कमी लिहायचे, कॅसेट भरून पाठवायचे. कुणी गाववाला सुट्टीवर निघाला की त्याच्या हाती एक कॅसेट यायची. एका बाजूला अम्मीसाठी, दुसऱ्या बाजूला आम्हा भावंडांसाठी. आम्ही सगळे टू-इन-वनभोवती बसून ती ऐकायचो. त्यात फार मोठं काही नसायचं. “शाळेत नीट जा, आपाला त्रास देऊ नको, पावसाच्या आधी कौलं शाकारून घ्या.” मागे पंख्याचा आवाज, मध्येच खोकला, खोलीतल्या कुणाची तरी हाक.

आमचं घर चिपळूणचं. इथल्या पावसात कॅसेटला बुरशी येते हे वेगळं सांगायला नको. त्यात २००५ च्या जुलैमध्ये वाशिष्ठीचं पाणी घरात आलं आणि कपाटाच्या खालच्या खणातल्या कॅसेट भिजल्या. राहिल्या एकोणीस. २०११ मध्ये अब्बा गेले. त्यानंतर दोन वर्षांनी मुलीच्या मदतीने मी त्या एकोणीस कॅसेट संगणकावर उतरवून घेतल्या. साठ मिनिटांची कॅसेट उतरवायला साठच मिनिटं लागतात, त्यात घाई चालत नाही. उन्हाळ्याची सुट्टी त्यात गेली. एका कॅसेटची फाइल साधारण ६०० एमबीची झाली आणि सगळ्या मिळून साडेअकरा जीबी. पुढे खऱ्या कॅसेटची फीत चिकटून तुटायला लागली. म्हणजे अब्बांचा आवाज आता जगात एकाच ठिकाणी उरला होता, आमच्या बैठकीतल्या संगणकात. हे तेव्हा माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

२०१८ च्या पावसाळ्यात त्या संगणकाची जागा संपली. हार्ड डिस्क ५०० जीबीची, पण पडद्यावर ती ४६५ दिसते. यात दुकानदाराची फसवणूक नाही. कंपनी हजाराच्या हिशेबाने मोजते आणि संगणक १०२४ च्या, म्हणून आकड्यांत हा फरक पडतो. त्यात लग्नांचे व्हिडिओ, ईदचे फोटो, मोबाइलमधून उतरवलेलं सगळं काही, माझ्या शाळेच्या प्रश्नपत्रिका आणि मुलीचा अभ्यास. ड्राइव्हची पट्टी लाल झाली होती. मुलीचा प्रोजेक्ट सेव्ह होईना.

आपाचा मुलगा मुंब्र्याला इंजिनिअरिंग शिकत होता. त्याला फोन लावला. तो म्हणाला, “मामू, सोपं आहे. ड्राइव्हवर राइट क्लिक करा, प्रॉपर्टीजमध्ये जा. खाली एक चौकोन आहे, ड्राइव्ह कॉम्प्रेस करून जागा वाचवा असं लिहिलेलं. तिथे टिक करा आणि झोपा. सकाळी जागा मोकळी.”

अम्मी शेजारीच बसली होती. तिने विचारलं, “कॉम्प्रेस म्हणजे काय रे?”

“दाबून बसवणं. तू बॅग भरायचीस तसं.”

“मग अब्बांचा आवाज बारीक होईल का?”

मी हसलो. “काही होत नाही, अम्मी,” असं म्हणून टिक केली. खरं तर तिच्या प्रश्नाचं उत्तर मला माहीत नव्हतं.

डी ड्राइव्हचं काम रात्रभर चाललं. सकाळी पाहिलं तर फाइलींची नावं निळी झाली होती. दाबलेली फाइल निळी दिसते. जागा किती वाचली? सुमारे तीनशे जीबीमधून चार जीबी. मला वाटलं, काहीतरी अर्धवट राहिलं असणार. म्हणून सी ड्राइव्हवरही टिक केली. मध्येमध्ये ही फाइल वापरात आहे, ती दाबता येत नाही, असे इशारे येत होते. दर वेळी दुर्लक्ष कराचं बटण दाबून मी मोकळा झालो. तिथे आणखी पाच-सहा जीबी मिळाले. खूश होऊन संगणक बंद केला.

दुसऱ्या दिवशी तो सुरूच होईना. काळ्या पडद्यावर इंग्रजीत एकच ओळ. बूट मॅनेजर कॉम्प्रेस झालेला आहे, कंट्रोल-ऑल्ट-डिलीट दाबून पुन्हा सुरू करा. दाबलं की पुन्हा तीच ओळ. दहा वेळा दाबलं, दहाही वेळा तेच.

अम्मी खुर्चीवरून पाहत होती. हळूच म्हणाली, “तुझे अब्बा त्यातच आहेत ना?”

त्या वेळी माझ्या पोटात जो खड्डा पडला, तो अजून आठवतो. डब्बा उचलला आणि रिक्षाने दुकानात नेला. दुकानदार माझाच जुना विद्यार्थी. त्याने ती ओळ वाचली आणि म्हणाला, “सर, सी ड्राइव्ह दाबलात ना? कपाटाची चावी कपाटातच ठेवून वरून कुलूप लावलंत.”

ते असं होतं. संगणक चालू होताना सगळ्यात आधी एक अगदी छोटा प्रोग्राम जागा होतो. त्याचं काम एवढंच की बूट मॅनेजर नावाची फाइल शोधून तिच्या हाती कारभार द्यायचा. दाबलेली फाइल उलगडायची कला त्या छोट्या प्रोग्रामला येत नाही. ती कला पुढच्या मंडळींना येते, पण त्यांना उठवणारी फाइलच दाबलेली. आमच्या संगणकात ती फाइल सी ड्राइव्हवरच होती. चूक पूर्णपणे माझी होती. इशारे येत होते, मीच ते वाचले नव्हते.

त्याने डिस्क बाहेर काढून दुसऱ्या संगणकाला जोडली. डी ड्राइव्ह उघडला. एक फाइल लावली, तर अब्बांचा खोकला. दुकानात उभ्या उभ्या माझे डोळे भरले. तो काही बोलला नाही, फक्त एक स्टूल पुढे सरकवला.

दुरुस्तीला आठवडा लागला, कारण त्याच्याकडे कामं बरीच होती. संगणक आणायला गेलो तेव्हा मी विचारलं, “तीनशे जीबी दाबून चारच जीबी कशी वाचली?” त्याने मला किराणा दुकानाच्या उधारीच्या वहीचं उदाहरण दिलं, ते तुम्हालाही सांगतो.

वहीत “साखर १ किलो” ही ओळ रोज येत असेल, तर दुकानदार ती पुन्हा लिहीत नाही. खाली दोन टिंबं-रेघा काढतो, वरीलप्रमाणे. संगणकाचं दाबणं म्हणजे हेच. जेकब झिव्ह आणि अब्राहम लेम्पेल या दोन संशोधकांनी १९७७ मध्ये याची पद्धत मांडली. एकदा येऊन गेलेला मजकूर पुन्हा आला की तो पूर्ण न लिहिता, इतक्या अक्षरांमागे जा आणि इतकी अक्षरं उचल, एवढीच खूण ठेवायची. विंडोजचा ड्राइव्ह दाबणारा प्रकार याच घराण्यातला. तो फाइलचे ६४ केबीचे तुकडे पाडतो. प्रत्येक तुकडा १६ खणांत बसलेला असतो. दाबून निदान एक खण मोकळा झाला तर तो तुकडा दाबून ठेवायचा, नाही तर होता तसाच राहू द्यायचा.

म्हणजे जिथे पुनरावृत्ती आहे, तिथेच फायदा. साधा मजकूर, जुन्या प्रकारच्या वर्ड फाइली, याद्या, बीएमपी प्रकारची चित्रं यांत पुनरावृत्ती भरपूर असते. हे झाले कपडे. पण मोबाइलमधला फोटो जेपीईजी प्रकारचा असतो. कॅमेऱ्याने तो काढतानाच दाबलेला असतो. एमपी४ व्हिडिओ, एमपी३ गाणी, झिप फाइल यांचंही तेच. नव्या वर्डची फाइलसुद्धा आतून झिपच असते. ह्या सगळ्या बरण्या. त्यांतली हवा आधीच काढलेली आहे. आणि अब्बांच्या कॅसेट? त्या फाइली दाबलेल्या नव्हत्या, तरी त्यांत टेपची खरखर होती. खरखर म्हणजे ज्यात काहीच पुन्हा तसंच येत नाही असा आवाज. वरीलप्रमाणे लिहायला तिथे वावच नाही.

आमच्या डिस्कवर नव्वद टक्क्यांहून जास्त बरण्याच होत्या. म्हणून चार जीबी. आणि त्या चार जीबीसाठी संगणकाला प्रत्येक फाइल उघडताना उलगडायची आणि ठेवताना पुन्हा घडी घालायची. शिवाय दाबलेली फाइल तुकड्यातुकड्याने इकडेतिकडे पडते. जुन्या फिरत्या डिस्कला ते गोळा करायला वेळ लागतो. जे काम कमी करायचं, तेच आम्ही वाढवून ठेवलं होतं.

मग ही सोय ठेवलीच कशाला? कारण एके काळी तिची फार गरज होती. आयबीएमने १९५६ मध्ये पहिली हार्ड डिस्क आणली, तेव्हा पन्नास मोठ्या तबकड्या मिळून साधारण ५ एमबी मावत. आजचे मोबाइलचे दोन फोटोही धड मावले नसते. १९९३ च्या सुमारास घरगुती संगणकात डिस्क काही दहा-वीस एमबीपासून दोनेकशे एमबीपर्यंत असायच्या, आणि साठवायला बहुतेक मजकूर असायचा. तेव्हा एमएस-डॉसच्या सहाव्या आवृत्तीत डिस्क दाबायची सोय आली, तर लोकांना डिस्क दुप्पट झाल्यासारखी वाटली. सल्ला तेव्हा बरोबरच होता. सामान बदललं, सल्ला तोच राहिला.

अम्मीच्या प्रश्नाचं उत्तरही मला त्याच दिवशी मिळालं. दाबणं दोन प्रकारचं असतं. ड्राइव्ह दाबण्यात काहीच जात नाही. घडी उलगडली की कपडा होता तसा, एक धागा कमी नाही. एमपी३ करण्यात मात्र काहीतरी कायमचं टाकून दिलं जातं. जो आवाज कानाला फारसा जाणवत नाही, तो काढून टाकतात, आणि फाइल दहाव्या हिश्श्यावर येते. बोलणं ऐकायला त्याने फार फरक पडत नाही. पण टाकलेलं परत येत नाही. म्हणून मोबाइलवर ऐकायला एमपी३ करा, मूळ फाइल मात्र पुसू नका. आवाजासाठी फ्लॅक नावाचा एक प्रकार आहे. त्यात काही न गमावता फाइल ढोबळमानाने निम्म्यापर्यंत येते. पुढे आम्ही तोच केला. घरी आल्यावर अम्मीला सांगितलं, “आवाज बारीक झालेला नाही.” ती म्हणाली, “मी ऐकल्याशिवाय मानणार नाही.” संपूर्ण एक कॅसेट ऐकली आणि मग मानलं.

विद्यार्थ्याने निघताना मला एक गोष्ट सांगितली होती. “सर, जागा वाचवायच्या नादात तुम्ही जपायचं काय ते विसरलात. ही डिस्क सहा वर्षांची आहे. उद्या ही बंद पडली तर?” मी तिथेच चार हजारांच्या आतली १ टीबीची बाहेरून जोडायची हार्ड डिस्क घेतली. फोटो, व्हिडिओ आणि कॅसेट तिच्यावर उतरवल्या. त्याआधी मुलीने आणि मी तीन रात्री बसून आवरासावर केली. एकाच फोटोच्या चार-चार प्रती, सुप्रभातचे संदेश, रिसायकल बिनमधला कचरा, कधीच न वापरलेले प्रोग्राम. मोजलं तर ७० जीबी निघाले. दाबून चार, झाडून सत्तर.

नवी डिस्क मी कपाटात ठेवली. अम्मीने पाहिलं. “दोन्ही याच घरात?”

“हो. एक बिघडली तर दुसरी आहे.”

“आणि पाणी आलं तर? २००५ विसरलास?”

अम्मीने तिच्या निकाहनाम्याची आणि घराच्या कागदांची एकेक प्रत कधीपासून आपाकडे मुंब्र्याला ठेवली आहे. ज्या घरात पाणी एकदा आलं, त्या घरावर सगळा भरवसा ठेवायचा नाही, हा तिचा हिशेब. बकरी ईदला भाचा आला, तेव्हा ती डिस्क त्याच्या बॅगेत, कपड्यांच्या मधोमध, अम्मीने स्वतः ठेवली. दाबली नाही.

२२ जुलै २०२१ ची रात्र आणि तो दिवस चिपळूणकरांना सांगायची गरज नाही. बाकीच्यांसाठी एवढंच सांगतो की पहाटे पाणी उंबऱ्याशी होतं, आणि आम्ही अम्मीला वरच्या मजल्यावर नेईपर्यंत बैठकीत गुडघाभर झालं. संगणकाचा विचार करायला वेळ नव्हता. वरून आम्ही जिन्याच्या पायऱ्या मोजत बसलो, एकेक पाण्याखाली जात होती. पाणी ओसरल्यावर खाली आलो तेव्हा डब्ब्यात चिखल भरला होता. तीच डिस्क, जिच्यात जागा करण्यासाठी मी इतका खटाटोप केला होता.

सगळंच वाचलं असं मी म्हणणार नाही. २०२० मध्ये लॉकडाऊनमुळे मुंब्र्याहून कुणी आलं-गेलं नाही, म्हणून शेवटच्या दीड वर्षाची प्रत झालेली नव्हती. ऑनलाइन वर्गांसाठी बनवलेले माझे धडे गेले. त्या काळातले फोटो मोबाइलमध्ये होते तेवढे राहिले. पण एकोणीस कॅसेट, अल्लाहचे शुक्र, मुंब्र्याला कोरड्या होत्या.

घरात वीज आली त्या दिवशी आपाने मोबाइलवर एक रेकॉर्डिंग पाठवलं. चिखल काढून थकलेली अम्मी पलंगावर बसून ऐकत होती. अब्बा सांगत होते, पावसाच्या आधी कौलं शाकारून घ्या. अम्मी म्हणाली, “यांना काय जातंय सांगायला!” आणि कितीतरी दिवसांनी हसली.

तर वाचकहो, तुमच्याही घरच्या संगणकाची जागा संपली असेल आणि कुणी दाबायचा सल्ला देत असेल, तर आधी आत काय आहे ते पाहा. जुने दस्तऐवज, साधा मजकूर, क्वचित उघडायच्या फाइली असतील, तर फक्त तेवढे फोल्डर दाबा. जागा वाचेल, नुकसान काही नाही. फोटो आणि व्हिडिओ दाबून हाती काही लागत नाही. सी ड्राइव्हला तर हातच लावू नका. आधी झाडलोट करा, तरी कमी पडली तर दुसरी डिस्क घ्या.

आणि ज्या गोष्टी पुन्हा मिळणार नाहीत, त्यांची एक प्रत दुसऱ्या गावी, आपल्या माणसाकडे ठेवा. दरवर्षी ईदला ती नवी करा. आमच्याकडे आता ते अम्मीच लक्षात ठेवते.